बंदुकीच्या गोळीवरचं संशोधन: पैसा येतो कुठून, अडतो कुठे?

खडीसाखर

अमेरिकेतल्या गोळीबारावर इथे धागा निघाला की पन्नासाव्या प्रतिसादाच्या आसपास कुणीतरी हमखास लिहितं, "तिथे तर बंदुकांवर संशोधन करायलाच बंदी आहे!" बंदी नाहीये. कधीच नव्हती. तरीही वीस-बावीस वर्षं हे संशोधन जवळजवळ ठप्प होतं, हेही खरं. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते नोकरीमुळे मला जरा जवळून दिसतं, म्हणून हा धागा.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रँट ऑफिसात आहे. संशोधन मी करत नाही. प्राध्यापकांचे प्रस्ताव, बजेटचे तक्ते, निधी देणाऱ्यांच्या अटी, ऑडिट ही माझी हमाली. तेव्हा शास्त्राबद्दल जाणकारांनी लिहावं, मी पैशाबद्दल लिहिते.

सुरुवात १९९३ ची. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी मेम्फिस, सिएटल आणि क्लीव्हलँड ज्या काउंट्यांमध्ये येतात तिथल्या, घरात झालेल्या खुनांचा अभ्यास केला. निष्कर्ष असा, की घरात बंदूक असली तर त्या घरात खून होण्याची शक्यता २.७ पट. पैसा सीडीसीचा, म्हणजे रोग आणि इजा रोखण्यासाठीच्या सरकारी संस्थेचा. बंदूकधारकांची संघटना एनआरए खवळली. सीडीसीचं इजा-प्रतिबंध केंद्र तेव्हा नुकतंच, १९९२ मध्ये उभं राहिलं होतं. ते अख्खं केंद्रच बंद करा अशी मागणी झाली. ते जमलं नाही. मग १९९६ मध्ये अर्कन्सासचे खासदार जे डिकी यांनी खर्चाच्या विधेयकात एक वाक्य घातलं: इजा-प्रतिबंधासाठी दिलेला पैसा बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही. हीच ती 'डिकी दुरुस्ती'.

वाक्य परत वाचा. संशोधन करू नका असं त्यात कुठेही नाही. पण त्याच वेळी केंद्राच्या बजेटमधले २६ लाख डॉलर उचलून मेंदूच्या इजांच्या कामाकडे वळवले गेले. आदल्या वर्षी बंदुकांवरच्या संशोधनाला नेमके तेवढेच गेले होते. वाक्य संदिग्ध आणि आकडा अगदी स्पष्ट. सरकारी बाबूंना आणखी काय सांगावं लागतं?

आता माझ्या टेबलावरून हे कसं दिसतं ते सांगते. सीडीसीचं अनुदान मंजूर झालं की अटींची यादी येते, प्रत्येक अटीला नंबर. त्यातली तेरा नंबरची, 'एआर-१३', या डिकी वाक्याची. प्रकल्प बंदुकांचा असो नसो, कागद सही करून द्यायचा. आता समजा एखाद्याच्या अभ्यासात निघालं, की पिस्तूल कुलपात ठेवलं तर घरातली मुलं वाचतात. हे त्याने पत्रकार परिषदेत सांगितलं तर तो निष्कर्ष झाला की प्रचार? कायद्यात त्याची व्याख्या नव्हती. विद्यापीठाचा वकील अशा वेळी काय सल्ला देणार, ते वेगळं सांगायला नको. पुढे सीडीसीत तर अशी प्रथा पडली, की बंदुकांशी संबंधित अभ्यास छापून येण्याआधी 'सौजन्य म्हणून' एनआरएला कळवायचं. हे २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं.

२०१२ पर्यंत सीडीसीचा या विषयावरचा खर्च नव्वदच्या दशकाच्या मध्याच्या तुलनेत ९६ टक्क्यांनी घसरून लाखभर डॉलरवर आला. लाखभर डॉलर म्हणजे एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा नवशिका संशोधक), त्याचा आरोग्य विमा आणि विद्यापीठाचा वरखर्च. संपलं.

वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी दुसरी सरकारी संस्था एनआयएच. तिच्यावर ही अट आधी नव्हती. पण २००९ मध्ये चार्ल्स ब्रानस यांचा फिलाडेल्फियातला अभ्यास आला. जवळ बंदूक बाळगणाऱ्याला हल्ल्यात गोळी लागण्याची शक्यता जास्त, असा त्याचा निष्कर्ष. पैसा एनआयएचच्या दारूविषयक संस्थेचा. २०१२ सालच्या खर्चाच्या कायद्यात तेच वाक्य एनआयएचच्याही गळ्यात पडलं.

त्याच वर्षी डिकी आणि मार्क रोझेनबर्ग यांनी मिळून वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिला, की संशोधन व्हायला हवं. रोझेनबर्ग म्हणजे त्याच इजा-प्रतिबंध केंद्राचे माजी संचालक, एकेकाळचे डिकींचे हाडवैरी. डिकी २०१७ मध्ये वारले. वाक्य आजही जिवंत आहे.

मग मधल्या काळात हे काम चाललं कशावर? बरंचसं शिकागोच्या जॉइस फाउंडेशनवर. १९९३ पासून ते या विषयाला पैसा देताहेत. न्याय खात्याची एनआयजे ही संशोधन शाखा गुन्हेगारीच्या अंगाने देत राहिली. बॉस्टनमधला तरुणांच्या टोळ्यांवरचा नव्वदच्या दशकातला प्रसिद्ध प्रकल्प त्यांच्याच पैशाचा. आणि सॅक्रामेंटोचे गॅरेन विंटम्यूट. हा आपत्कालीन विभागातला डॉक्टर. सीडीसीचा पैसा आटल्यावर त्यांनी स्वतःच्या खिशातले दहा लाख डॉलरहून जास्त घालून आपला गट जिवंत ठेवला. कौतुक करावं तेवढं थोडं. पण ज्या देशात एका डॉक्टरच्या बचतीवर एक ज्ञानशाखा तग धरते, त्या देशाच्या निधीव्यवस्थेबद्दल काय बोलावं?

२०१७ च्या सुरुवातीला 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक हिशोब छापून आला. २००४ ते २०१५ या काळात कुठल्या कारणाने किती माणसं मरतात त्या प्रमाणात निधी मिळाला असता, तर गोळीच्या इजांवरच्या संशोधनाला सुमारे १४० कोटी डॉलर यायला हवे होते. आले २.२ कोटी. १.६ टक्के.

फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात १७ जण गेले. मार्चच्या खर्चाच्या विधेयकासोबतच्या अहवालात खुलासा आला, की सीडीसीला संशोधनाचा अधिकार आहे. पैसा मात्र शून्य. तो आला डिसेंबर २०१९ मध्ये: अडीच कोटी डॉलर, अर्धे सीडीसीला, अर्धे एनआयएचला. त्यानंतरही दरवर्षी तेवढेच, महागाई वाढली तरी. २०२३ मध्ये अमेरिकेत गोळीने ४६,७२८ माणसं मेली. भागाकार ज्याचा त्याने करावा.

माझा खरा मुद्दा पुढे आहे. पैसा बंद झाला की प्रकल्प थांबतो, एवढंच आपल्याला दिसतं. पण १९९८ मध्ये पीएचडी करणाऱ्या हुशार मुलीला तिचा गाइड सांगतो, "या विषयात पडू नकोस, टेन्युअरपर्यंत, म्हणजे कायम नोकरी मिळेपर्यंत, एकही मोठी ग्रँट मिळणार नाही." ती रस्ता अपघातांवर काम करते. तिचे विद्यार्थी रस्ता अपघातांवर काम करतात. २०२० मध्ये पैसा आला तेव्हा अर्ज तपासायला अनुभवी परीक्षक शोधायचे, तर ते आणायचे कुठून? एक संशोधक तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि नळ बंद ठेवला होता त्याच्या दुप्पट काळ.

---

चौकस

वाचतोय. एआर-१३ चा किस्सा आवडला. अवांतर: आपल्याकडे पण 'जनहितार्थ जारी' लिहिलं की काहीही छापता येतं.

टेक्सासचा_गडी

ताई, माहिती चांगली आहे पण एकाच बाजूने आलीये. माझ्याकडे दोन पिस्तुलं आहेत, परवान्यासकट, तिजोरीत. आता दुसरी बाजू ऐका.

एक, केलरमनच्या अभ्यासात ज्या घरात खून झाला त्याची तुलना शेजारच्या घराशी केली होती. पण ज्याला आधीच जिवाची भीती आहे तोच बंदूक घेणार ना? मग बंदुकीमुळे धोका की धोक्यामुळे बंदूक? लोकांनी मूळ डेटा मागितला तेव्हा तो लगेच मिळालाही नाही. दोन, तुमच्या त्या रोझेनबर्ग साहेबांनी १९९४ मध्ये मुलाखतीत म्हटलं होतं, की सिगारेटबद्दल लोकांचं मत जसं पालटलं तसं बंदुकांबद्दल पालटलं पाहिजे. सरकारी संशोधन खात्याचा साहेब निकाल आधीच सांगून बसला, तर करदात्याने पैसे का द्यावेत? तीन, जॉइस फाउंडेशन संशोधकांना पैसा देतं आणि बंदूक-नियंत्रणवाल्या संघटनांनाही. उद्या बंदूक कंपन्यांनी अभ्यास करवून घेतला तर तुम्ही तो वाचणार का?

खडीसाखर

@टेक्सासचा_गडी, पहिला आक्षेप शास्त्रीय आहे आणि रास्त आहे. त्याचं उत्तर पुढच्या, जास्त चांगल्या अभ्यासाने द्यायचं असतं. तो अभ्यास करायलाच पैसा उरला नाही, हीच तर गंमत. अर्धवट उत्तरावर वीस वर्षं दोन्ही बाजू भांडत बसल्या.

दुसरा मुद्दा मान्य. ते वाक्य बोलायला नको होतं.

तिसरा मला महत्त्वाचा वाटतो. सरकार बाजूला झालं की मैदान खासगी पैशाला मोकळं मिळतं, आणि खासगी पैशाला मत असतं. म्हणून २०१८ मध्ये अर्नोल्ड दांपत्याच्या संस्थेने २ कोटी डॉलर दिले तेव्हा ते वाटायचं काम रँड या संशोधन संस्थेकडे सोपवलं आणि प्रस्ताव निवडायला वेगवेगळ्या विचारांची समिती नेमली. त्याच रँडने बंदूक कायद्यांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतलाय. तो तुम्ही आवर्जून वाचा, कारण त्यात बहुतेक कायद्यांपुढे 'पुरावा अनिर्णायक' असाच शेरा आहे. नियंत्रणवाल्यांनाही तो फारसा रुचलेला नाही. मुलांच्या हाती बंदूक पडू नये म्हणून ती बंद ठेवायला लावणारे कायदे मात्र उपयोगी ठरतात, असं त्यांना पुराव्यात दिसलं. तुमच्या तिजोरीच्या बाजूनेच आहे ते.

आणि कंपनीच्या पैशाचा अभ्यास? वाचीन की. पैसा कुणाचा हे पहिल्या पानावर असेल आणि डेटा खुला असेल तर जरूर वाचीन.

टेक्सासचा_गडी

रँडचा बघतो. बाकी सहमत नाही, पण उत्तर सरळ दिलंत त्याबद्दल धन्यवाद.

शल्यविशारद

मी काही वर्षं अमेरिकेतल्या एका ट्रॉमा सेंटरला होतो, आता पुण्यात. एक आठवण. २०१८ च्या शेवटाला तिथल्या फिजिशियनांच्या संघटनेने गोळीच्या इजा कमी करण्याबद्दल भूमिका मांडली, तेव्हा एनआरएने ट्विट केलं की डॉक्टरांनी आपल्या लेनमध्ये राहावं. दोन दिवसांत सर्जन मंडळींनी रक्ताने माखलेल्या ऑपरेशन थिएटरचे, बुटांचे, खुर्च्यांचे फोटो टाकले: हीच आमची लेन. एरवी राजकारणावर चकार शब्द न काढणारे माझे वरिष्ठही त्यात होते.

आता निधीशी संबंध. आमच्याकडे पेशंट आला की गोळी कुठून शिरली, कुठून निघाली, किती युनिट रक्त लागलं, सगळं टिपलं जायचं. पण बंदूक कुणाची होती, घरात कुठे ठेवली होती, हे त्या फॉर्मवर नसतंच. डिस्चार्जच्या कागदांवर कोड टाकणारा क्लार्क 'कुणी मारली' हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर 'अपघात' असा कोड टाकून मोकळा होतो. त्यामुळे हॉस्पिटलच्या आकडेवारीत अपघात फुगतात आणि हल्ले आकसतात. हे दुरुस्त करायला महागडं यंत्र लागत नाही, पगारी माणूस लागतो. आणि असल्या कंटाळवाण्या कामाला कुठलंही फाउंडेशन पैसा देत नाही. फीत कापायला काही नसतं ना त्यात.

खडीसाखर

डॉक्टर, नेमकं बोललात. पण एक अपवाद सांगते. हिंसक मृत्यूंची राष्ट्रीय नोंद, एनव्हीडीआरएस. मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल आणि शवविच्छेदनाचा अहवाल असे तिन्ही कागद जुळवून प्रत्येक मृत्यूची एक नोंद करतात. याचा नमुना १९९९ च्या सुमारास हार्वर्डमध्ये तयार झाला, आणि तो खासगी फाउंडेशनांच्या पैशावर. सरकारने २००२ मध्ये सहा राज्यांपासून सुरुवात केली. सगळी ५० राज्यं यायला २०१८ उजाडलं. म्हणजे फाउंडेशनवाले पायलट करून दाखवू शकतात, पण दरवर्षी, प्रत्येक काउंटीतून, कंटाळा न करता आकडे गोळा करणं सरकारलाच झेपतं. आणि तिथेही जे मेले त्यांचीच नोंद. जे वाचले त्यांची एवढी तपशीलवार नोंद कुठेच नाही.

पिंपळपान

मी यवतमाळकडचा. बंदुकांचं मला काही कळत नाही, आमच्याकडे फार तर एखाद्या जुन्या वाड्यात भिंतीवर टांगलेली बारा बोअर. पण एक प्रश्न. ते ४६ हजार मृत्यू सगळे शाळेतल्या गोळीबारांचे आणि टोळ्यांचे का?

खडीसाखर

नाही, आणि हे विचारलंत ते बरं झालं. २०२३ मधल्या ४६,७२८ पैकी २७,३०० आत्महत्या. निम्म्याहून बऱ्याच जास्त. शाळांमधले आणि मॉलमधले गोळीबार बातमीत दिसतात, पण एकूण आकड्यात त्यांचा वाटा फार लहान आहे.

पिंपळपान

मग आमचा आणि तुमचा विषय एकच निघाला. इकडे कीटकनाशकाचा डबा घरातच असतो, कापसाच्या हंगामात तर खाटेखाली. माणूस संतापाच्या, हताशेच्या त्या अर्ध्या तासात हाताला येईल ते घेतो. श्रीलंकेने मोनोक्रोटोफॉससारखी जहाल औषधं १९९५ मध्ये बाजारातून काढली, पुढे एंडोसल्फान, मग पॅराक्वाट. आत्महत्यांचं प्रमाण पार खाली आलं, आणि शेतीही बुडाली नाही. आमच्या शेतकरी गटात आलेल्या एका कार्यकर्त्याने हे सांगितलं तेव्हा लोकांनी आधी त्यालाच झापलं, "कर्जाबद्दल बोला, औषधाबद्दल काय बोलता!" कर्जाबद्दल बोलायलाच पाहिजे. पण डब्याबद्दलही बोला ना.

शल्यविशारद

+१. साधन किती घातक आहे यावर सगळं येऊन थांबतं. गोळी झाडून घेतलेल्या दहातले जवळपास नऊ जण मरतात, औषधाच्या गोळ्या खाल्लेल्यांपैकी बहुतेक वाचतात. आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत. तो अर्धा तास टळला की माणूस बऱ्याचदा मिळतो परत.

खडीसाखर

@पिंपळपान, तुमच्या विषयातही निधीची गोष्ट तशीच आहे बरं का. कीटकनाशकांमुळे होणाऱ्या आत्महत्या रोखण्यासाठी एडिंबरा विद्यापीठात २०१७ मध्ये केंद्र निघालं, ते अमेरिकेतल्या एका देणगीदार संस्थेच्या, ओपन फिलँथ्रॉपीच्या पैशावर. मरतात भारत-श्रीलंकेतले शेतकरी, केंद्र स्कॉटलंडमध्ये, पैसा कॅलिफोर्नियाचा. मला यात वाईट काही वाटत नाही, पण आपल्या सरकारांनी हे आपणहून का केलं नाही, हा प्रश्न पडतोच.

रानपाखरू

थोडं अवांतर, पण पैशाचंच. अमेरिकेत बंदूक आणि काडतुसांवर केंद्रीय कर आहे, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो वन्यजीवांसाठी राखलेला. लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १०. तो जवळजवळ सगळा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. मी पक्षीनिरीक्षणाला जाते त्यातल्या कितीतरी पाणथळ जागा त्याच पैशाने सांभाळलेल्या. म्हणजे गोळ्यांच्या विक्रीतून बदकांची सोय ८०-९० वर्षं बिनबोभाट चालू आहे, माणसांच्या जखमांवर अभ्यासाला त्यातला पैसा नाही.

खडीसाखर

हा हा, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. कॅलिफोर्नियाने मात्र त्याच धर्तीवर जुलै २०२४ पासून ११ टक्के राज्य कर लावलाय, हिंसा-प्रतिबंध आणि शाळांच्या सुरक्षेसाठी. कोलोरॅडोत नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी साडेसहा टक्के कर मंजूर केला, बराचसा पीडितांच्या सेवांसाठी. संशोधनाला राज्याचा सरळ पैसा हवा असेल तर उदाहरण पुन्हा कॅलिफोर्नियाचंच. २०१६ मध्ये ५ वर्षांसाठी ५० लाख डॉलर मंजूर करून यूसी डेव्हिस विद्यापीठात केंद्र काढलं, प्रमुख तेच विंटम्यूट. मागोमाग न्यू जर्सीने रटगर्स विद्यापीठात. मिशिगन विद्यापीठाने २०२१ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून १ कोटी डॉलर काढून संस्था उभी केली. विद्यापीठाने स्वतःचा पैसा घालणं ही आमच्या धंद्यात किती दुर्मीळ गोष्ट आहे, ते कुठल्याही डीनला विचारा.

चौकस

आता सध्या काय परिस्थिती? ट्रम्प आल्यावर सगळं बंद झालं म्हणतात.

खडीसाखर

सगळं नाही, पण घाव मोठा आहे. जानेवारी २०२५ मध्ये व्हाइट हाउसमधलं बंदूक-हिंसा प्रतिबंध कार्यालय गेलं. मार्चमध्ये सर्जन जनरलांचा (सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागारांचा) २०२४ चा यावरचा सल्ला आरोग्य खात्याच्या साइटवरून उतरवला. १ एप्रिलच्या नोकरकपातीत सीडीसीच्या त्याच इजा-प्रतिबंध केंद्रातली भरपूर माणसं गेली, आणि पुढच्या बजेटच्या प्रस्तावात तर अख्खं केंद्रच काढून टाकायचं म्हटलं होतं. म्हणजे १९९५ मध्ये जी मागणी फसली होती तीच, तीस वर्षांनी. एनआयएचनेही काही ग्रँट मध्येच तोडल्या. ऑगस्टमध्ये अटलांटात सीडीसीच्या मुख्यालयावरच एकाने गोळीबार केला, एक पोलिस अधिकारी त्यात गेला.

संसदेने कायद्यात लिहिलेला पैसा ही एक गोष्ट. तो वाटणारा, अर्ज वाचणारा, 'तुमचा तिसऱ्या वर्षाचा हप्ता कधी येईल' या ईमेलला उत्तर देणारा माणूस जागेवर असणं ही दुसरी. आमच्या ऑफिसात सध्या दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी आहे. प्रोग्राम ऑफिसरला ईमेल केली की परत येते.

सानिकाची_मावशी

उशिरा वाचला धागा. माझी भाची इथे अमेरिकेत एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्सच्या) शेवटच्या वर्षाला आहे. तिला बंदुकीने होणाऱ्या आत्महत्यांवरच पीएचडी करायचीये, विशेषतः माजी सैनिकांमधल्या. घरचे सगळे तिला मधुमेह घे म्हणून मागे लागलेत. खडीसाखरताई, तुम्हीच सांगा, आमचं चुकतंय की तिचं?

खडीसाखर

मावशी, कुणाचंच नाही. मधुमेहाला पैसा आहे, हे खरंच आहे. पण तिने विषय सोडावा असं मला वाटत नाही. फक्त गाइड निवडताना लाज न बाळगता हिशोब विचारायचा: तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचा स्टायपेंड कुठल्या ग्रँटमधून? ती ग्रँट संपते कधी? त्यात केंद्राचा वाटा किती, राज्याचा किती, फाउंडेशनचा किती? सगळा पैसा एकाच दारातून येत असेल तर दुसरा गाइड बघायचा. राज्याच्या पैशावर चालणारं केंद्र असेल तर तो दरवर्षीच्या बजेटमध्ये आहे की एकदाच दिलेला, हेही विचारायचं. चांगले लोक या प्रश्नांनी रागावत नाहीत.

माजी सैनिकांचं म्हणाल, तर त्यांच्या खात्याचं स्वतःचं संशोधन बजेट वेगळं असतं आणि आत्महत्या हा तिथे जुना विषय आहे. त्यांच्या एखाद्या हॉस्पिटलशी जोडलेला प्राध्यापक मिळाला तर उत्तम. आणि वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून विश्लेषण करायला शिकून घे म्हणावं. ते उद्या मधुमेहालाही चालतं, घरच्यांना तेवढंच समाधान. बहुतेक ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबरमध्ये असते, तेव्हा शिफारसपत्रं ऑक्टोबरातच मागायला सांगा. बाकी व्यक्तिगत निरोप करा, एक-दोन विभागांची नावं देते.